नारळावरची शपथ

सोमवार, ३ जून १९९१

भामरे सर पुन्हा आले! मी कैऱ्या फोडत बसलेली, हाताला चीक, पदर खोचलेला — आणि सर दारात उभे. "वहिनी, दोन मिनिटं बोलायचंय." सरांची दोन मिनिटं म्हणजे दोन कप चहा, हे मला आता पाठ झालंय.

सरांनीच कुमुदला इथल्या कॉलेजात बॉटनी शिकवली. परदेशी शिष्यवृत्तीचे फॉर्मही त्यांनीच भरून घेतले. उपकार आहेतच. पण म्हणून दर आठवड्याला येऊन ऐकवायचं? म्हणे, "तुम्ही मॅट्रिक झालेल्या बाई. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मॅट्रिकला पाण्याच्या भीतीचा पेपर नव्हता हो सर! — असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. चहात साखर कमी घातली फक्त.

कुमुदच्या तिकडच्या सरांचं पत्र भामरे सरांना आलंय. ऑस्ट्रेलियाच्याही खाली टास्मानिया म्हणून बेट आहे, त्यावर होबार्ट गाव. समुद्र थंडगार. कुमुदबरोबरची मुलं-मुली अंगभर रबरी पोशाख चढवतात, पाठीवर हवेची टाकी बांधतात आणि थेट तळाशी जाऊन खडकांवरच्या शेवाळाचे, जिवांचे फोटो काढतात. आणि आमची कुमुद? होडीत बसते. का बसते? तर आईची शपथ!

घातली. हो, घातली मी. जानेवारीत, निघायच्या आदल्या दिवशी, कानबाईच्या नारळापुढे उभी करून. आमच्या खानदेशची देवी ती, नारळातच पुजतो, वर्षभर देव्हाऱ्यात असते. "समुद्रात पाय घालायचा नाही. होडीत बस, काठावर फिर, पण पाण्यात उतरायचं नाही. ठेव हात." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पोरीनं नारळावर हात ठेवला होता. इतकी गुणाची! आणि सर म्हणतात मी तिचं नुकसान करते.

लोणच्यात मीठ जास्त पडलं. सरांमुळेच.

शनिवार, ८ जून

यांना म्हटलं, तुम्ही तरी सरांना चार शब्द सांगा. हे एसटीत कंट्रोलर. दिवसभर माइकवर — शहादा गाडी फलाट चार, दोंडाईचा फलाट सात. घरी आले की माइक बंद. पेपराच्या आडूनच म्हणाले, "शपथ तू घातली. तू बघ."

संपलं!

बुधवार, १२ जून

नळ दिवसाआड. आज तोही आला नाही. मी रिकामे हंडे घेऊन उभी आणि पोर तिकडे अथांग पाण्यावर बसलेली. देवा, तुझं वाटप मला कळत नाही.

सोमवार, १७ जून

कुमुदचं पाकीट! दोन कागद आणि एक चपटी प्लास्टिकची डबी. डबीत पुठ्ठ्याच्या चौकटी, चौकटीत फिल्मचा तुकडा. पत्रात लिहिलंय — "आई, एकेक उजेडाकडे धरून बघ. हे हेलन आणि डेव्हिडनं काढलेत. तुझी शपथ आहे म्हणून मी होडीतच असते, काळजी करू नकोस."

हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं. शपथ सोडव म्हणून एकदाही लिहिलं नाही तिनं. एकदाही! किती समजूतदार.

खिडकीशी जाऊन बसले. आधी नुसतं तपकिरी दिसलं, मग डोळा बसला. एका चौकटीत एक पान तरंगत होतं. लाल-पिवळ्या ठिपक्यांचं, कडेला झालर. उलटं धरलं, सुलटं धरलं — आणि एकदम दिसलं, पानाला डोळा आहे! आणि तोंड नळकांड्यासारखं लांबोडकं. तो मासा निघाला. कुमुदनं लिहिलंय, याची अंडी नर आपल्या शेपटीखाली चिकटवून हिंडतो, पिल्लं होईपर्यंत.

हे जेवायला बसले तेव्हा बल्बपुढे धरून दाखवलं. म्हटलं, "बघा. तिकडे बाप सांभाळतो लेकरं." यांनी निरखून बघितलं. "हं," म्हणाले आणि वरण मागितलं.

मला मात्र राग आला. कशाचा? मासा आवडला याचा. आवडून चालणार नाही मला.

रविवार, २३ जून

आजचा दिवस पुसून टाकता आला तर!

भामरे सरांनी ठरवलं — कुमुदचे फोटो कॉलेजात यंत्रावर मोठे करून दाखवायचे. आमच्या गल्लीतली सगळी निघाली. शेजारच्या सुनंदाबाई तर नवी साडी नेसून, जसं काही बारसं आहे. खोलीची दारं-खिडक्या लावल्या, यंत्राचा पंखा घुर्रघुर्र, माणसांचा पंखा बंद. घामानं कपाळाचं कुंकू ओघळलं.

आणि मग भिंतीवर ते उगवलं. काय लिहू! दादर ज्वारीचं उभं शेत असावं आणि त्यावर आभाळाऐवजी पाणी भरलेलं असावं. दोन मजली घराएवढं उंच शेवाळ, सगळं एका बाजूला कललेलं, वाऱ्यानं पीक कलतं तसं. वरून उन्हाच्या तिरक्या रेघा येत होत्या. खाली खडकावर जांभळे, केशरी गोळे, कुणी देवाला फुलं वाहून गेल्यासारखे. सर म्हणाले, ते सगळे जीव आहेत, झाडं नव्हेत. मी हात जोडणार होते. बरं झालं अंधार होता.

मग एका फोटोत खडकावर लोखंडी चौकट ठेवलेली. सरांनी समजावलं — दर महिन्याला त्याच जागी तीच चौकट ठेवायची, फोटो घ्यायचा. गेल्या महिन्यात इथं कोण होतं, या महिन्यात कोण आलं, कोण खाऊन गेलं, सगळं कळतं. फार जवळून काढावा लागतो, लांबून काढला तर पाण्यातला गाळच चमकतो. मला पटकन कळलं. धान्याच्या कोठीत कीड कुठून शिरली ते मी असंच बघते, दर पंधरवड्याला तोच कोपरा.

शेवटचा फोटो खालून वर काढलेला. मधोमध काळं, लांबट, माशासारखं काहीतरी, मागं सूर्य. सरांनी त्यावर छडी टेकवली. "आणि ही होडी. हिच्या आत आपली कुमुद. आईची शपथ पाळत बसलेली!"

सगळे हसले. अंधारात माणसं जास्त मोकळी हसतात. सुनंदाबाई सगळ्यांत वरच्या आवाजात — "काय हो ताई, एवढ्या मोठ्या विमानात पोर बसवली आणि पाण्याला भ्यालात?"

मी म्हटलं, "विमानाला शपथ घालायची राहून गेली."

तिथं ठसक्यात बोलले. पण घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. नळाला पाणी आलेलं होतं, तेही वाया.

सोमवार, २४ जून

डोळ्यापुढून ते होडीचं काळं पोट जात नाही. भाकरी करपली.

मंगळवार, २ जुलै

कुमुदचं पत्र. यावेळी डबी नाही.

कॅमेरा बुडाला. पाण्यात नेताना तो घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवतात. झाकणाला रबरी रिंग, आपल्या कुकरला असते तशी. तिला वंगण चोळायचं, एक केस, एक कण राहिला नाही ना ते बघायचं, मग बसवायची. ते काम कुमुदकडे. तिनं नीट बसवली होती, पण तिच्या मागं डेव्हिडनं घाईत पेटी उघडून परत लावली, त्याच्या दाढीचा केस रिंगखाली आला. केसाएवढ्या वाटेनं समुद्र आत! कॅमेरा गेला. कुमुदला कुणी रागावलं नाही. पण तिचे सर म्हणाले, "रिंग सांभाळायला मला इतक्या लांबून मुलगी आणायची गरज नव्हती."

सप्टेंबर संपेपर्यंत मुदत दिलीय. आधी उथळ पाण्यात शिकायचं, मग समुद्रात. नाहीतर शिष्यवृत्ती पुढं चालू राहणार नाही, कारण ती या खडकाच्या कामासाठीच आहे. घरी परत.

शेवटी तेच — "तुझी शपथ आहे म्हणून सांगितलंय मी सगळ्यांना. ते हसतात, पण ऐकतात."

घरी परत! वाचल्यावर आधी काय केलं मी? देवापुढं दिवा लावला. वात पेटल्यावर लाज वाटली. देवाला काय सांगत होते — पोर नापास होऊन येऊ दे?

दिवा विझवायचा नसतो. तो जळत राहिला आणि मी स्वयंपाकघरात लपून बसले.

गुरुवार, ११ जुलै

सुनंदाबाईंनी जळगावचं स्थळ आणलं. मुलगा बँकेत, चष्मा नाही, घरचं केळीचं शेत. "कुमुद येतेच आहे ना दिवाळीपर्यंत परत?"

सुनंदाबाईंना कुणी सांगितलं? भामरे सरांनी सांगितलं असणार, दुसरं कोण! या धुळ्यात बातमीला गाडी लागत नाही, ती पायीच आधी पोचते. मी म्हटलं, "अजून काही ठरलेलं नाही." त्या म्हणाल्या, "तुमच्याच हातात आहे की सगळं."

माझ्या हातात! सर म्हणतात माझ्या हातात, हे म्हणतात माझ्या हातात, आता स्थळवालेही. आणि पोर काहीच म्हणत नाही. तिनं दोन शब्द भांडून लिहिलं असतं तर बरं झालं असतं. मीही भांडले असते.

सोमवार, २२ जुलै

एकादशी. साबुदाणा भिजवला पण खावासा वाटला नाही.

आज चिंधाची आठवण काढायची नाही असं ठरवून उठले, म्हणून दिवसभर तोच. माझा पाठचा भाऊ. धरणगावाहून आम्ही मामाकडे गेलो होतो, गिरणेच्या डोहावर पोरं पोहायला गेली. मी मोठी, म्हणून कपडे सांभाळायला काठावर. बाकीची पोरं वर आली. मी चिंधाचा सदरा घडी करून मांडीवर घेऊन बसले होते. तो सदरा कोरडाच राहिला.

तेव्हापासून पाण्याजवळ गेले की मी काठावर. कुणी सांगावं लागत नाही. कानबाईच्या विसर्जनाला दरवर्षी शिंदखेड्याहून आमच्या मोठ्या जाऊबाई येतात, अक्का. नारळ घेऊन पांझरा नदीत त्याच उतरतात, बुडवून परत आणतात. सगळ्या बायका पाण्यात, आणि मी काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळते. लग्न होऊन आल्यापासून चपला सांभाळते. कुमुद लहान असताना तिलाही जवळ बसवून घ्यायची, दंडाला धरून. पाण्याकडे पाऊल टाकलं की मागं ओढायची.

होडीत बसून ती काय करते? टाक्या, जोडे, टॉवेल सांभाळते.

इथं हात थांबला.

मंगळवार, २३ जुलै

काही ठरत नाही. गहू निवडले. दोनदा निवडले.

रविवार, २८ जुलै

ती डबी पुन्हा काढली. होडीचा फोटो खिडकीला धरून बराच वेळ बघितला. खालच्या माणसाला वरचं माणूस असं दिसतं तर — नुसतं काळं.

यांना म्हटलं, "शपथ सोडवायची म्हटली तर?"

पेपर खाली आला! "सोडव की. म्हण, सुटली."

"नारळावर घातलेली शपथ अशी तोंडानं सुटते?"

"मग अक्काला विचार," म्हणाले आणि पेपर वर गेला.

शनिवार, ३ ऑगस्ट

एसटीचा पास आहे म्हणून शिंदखेड्याला जाऊन आले. रस्ताभर खड्डे, मांडीवर अक्कांसाठी लोणच्याची बरणी. खारट झालंय हे आधीच सांगून टाकलं.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. दात नाहीत, पण एकेक शब्द अहिराणीत कुटून देतात. "नारयवर घाली ना सपथ? मंग ती घरमा बसीसन नही सुटत. कानबाई पाणीमा जाई, तव्हय तिना संगे पाणीमा उतरनं, आनि सोडनी. कंबरइतला पाणीमा. आपला घरनी रीत शे."

मी म्हटलं, "मग अक्का, दरवर्षीसारखा तुम्हीच न्या नारळ. मी काठावरून म्हणते सुटली म्हणून."

"वा व माय! सपथ तुनी, आनि वल्ली व्हसू मी?"

त्यांच्या सुनेनं तोंडाला पदर लावला. मीही हसले असते, पण... कंबरेइतकं! मी घोट्याच्या वर पाणी जाऊ दिलेलं नाही कधी. येताना गाडी पांझरेच्या पुलावरून आली तेव्हा डोळे मिटून घेतले. नेहमीच घेते. आज पहिल्यांदा स्वतःचा राग आला.

रविवार, ११ ऑगस्ट

भामरे सर. "वहिनी, सप्टेंबर जवळ आला बरं का!" जसं काही कॅलेंडर त्यांच्याच घरी आहे.

सांगितलं नाही काही. आधी बोलून मग काठावरूनच परत फिरले तर? चहात साखर मात्र बरोबर घातली.

गुरुवार, १५ ऑगस्ट

कानबाईच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू काढले. आमच्याकडे माणशी सव्वा मूठ. अक्का कालच येऊन राहिल्यात, समोर बसून मुठी बघत होत्या. यांची झाली, माझी झाली, अक्कांकडची झाली. मी आणखी एक मूठ भरली.

"हाई कोनी?"

"कुमुदची."

"ती परदेशमा शे. तिनी मूठ कसाले? खाई कोन?"

"मी खाईन."

वरची पाव मूठ राहिली होती, ती अक्कांनीच उचलून टाकली.

रविवार, १८ ऑगस्ट

कानबाई बसली. नारळाला नथ घातली, डोळे लावले. आरती झाली, रोट झाले. कुमुदचा वाटा मी खाल्ला. रोट बाहेरच्यांना द्यायचा नसतो, टाकायचाही नसतो. दोघींचं खाऊन पोटाला तडस लागली, वर उद्याची भीती.

कानबाईला म्हटलं, तुझ्या डोळ्यांनी बघितलंस तू जानेवारीत. माझं चुकलं असेल तर उद्या मला काय ते कर, पोरीला नको.

सोमवार, १९ ऑगस्ट

उतरले!

नीट लिहिते. सकाळी निघालो. पुढे डफ, मधे आमची कानबाई माझ्या डोक्यावर, मागे बायका फुगड्या घालत. पांझरेला पाणी चांगलं होतं, गढूळ, चहासारखं. काठावर आल्यावर सवयीनं सगळ्यांनी चपला माझ्यापुढे काढल्या. मी माझ्याही काढल्या आणि सुनंदाबाईंना म्हटलं, "यंदा तुम्ही बघा." त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

घोट्यापर्यंत काही वाटलं नाही. मग चिखल बोटांतून वर आला. गुडघ्याशी पाणी आलं आणि मी थांबले. पुढचं पाऊल उचलेना. आपला पायच आपला नाही असं झालं. खाली बघितलं तर पावलं दिसत नव्हती. कुमुदच्या समुद्रात म्हणे तळाचा खडान्‌खडा दिसतो, इथं माझीच पावलं मला दिसेनात. डफवाले वाजवून वाजवून थांबले.

पुढून अक्का ओरडल्या, "तठे काय उभी ऱ्हायनी व? मासा धराना शेतस का?"

सगळ्या खदखदून हसल्या. त्या हसण्याचा राग आला आणि रागातच एक पाऊल पडलं. मग दुसरं. खरं सांगते, भक्तीनं नाही पडलं, रागानं पडलं. मांडीपर्यंत पाणी आलं, साडी फुगून वर आली, मी एका हातानं ती दाबतेय, दुसऱ्या हातात नारळ. अक्कांनी माझ्या पदराचं टोक त्यांच्या मनगटाला गुंडाळून घेतलं होतं. कंबरेला पाणी लागलं तेव्हा श्वास अडकला. वरचा वर, खालचा खाली. तेवढ्यात पायाला काहीतरी गुळगुळीत लागून गेलं. मासा की पान, काय माहीत! मी अशी किंचाळले की काठावर सुनंदाबाईंच्या हातातल्या चपला पडल्या.

पण बुडाले नाही. तिथंच उभी होते.

नारळ बुडवला. म्हटलं — कानबाई माय, तुझ्यावर हात ठेवून माझ्या कुमुदला जी शपथ घातली ती मी माझ्या तोंडानं, तुझ्या पाण्यात उभी राहून सोडवते. सुटली. सुटली. सुटली.

चिंधा, तुझ्यापर्यंत आले नाही रे. पण कंबरेपर्यंत आले.

मनावरचं ओझं उतरलं की माणूस हलकं होतं म्हणतात. खोटं आहे. ओली नऊवार... छे, सहावारच, पण घरापर्यंत ओढत आणता आणता कंबर मोडली.

मंगळवार, २० ऑगस्ट

ताप. हे उशाशी येऊन उभे राहिले. "कंबरेपर्यंत गेलीस म्हणे." एवढंच. पण चहा त्यांनी केला! पत्तीची गाळणी मिळाली नाही म्हणून न गाळता. पत्ती चावत चावत मी सगळा प्याले.

गुरुवार, २२ ऑगस्ट

पत्र जायला-यायला महिना. मुदत तोपर्यंत संपत येईल. म्हणून स्टँडजवळ वाल्मीकच्या फोनच्या बूथवर गेले. काचेचं कपाट, आत एक स्टूल. नंबर फिरवून फिरवून वाल्मीकचं बोट दुखलं. "मावशी, लाइनच घेत नाही. अमेरिकेचा लागतो, तुमचाच देश अडेल आहे."

परत आले. चालत.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

लागला! तिच्या होस्टेलचा फोन कुणीतरी उचलला. बाई भराभर इंग्रजी बोलली. मी म्हटलं, "कुमुद! कुमुद! मदर!" ती आणखी भराभर बोलली. मॅट्रिकचं इंग्रजी वाचायला होतं, ऐकायला नव्हतं. भिंतीवर पैशांचे लाल आकडे पळत होते. ठेवून दिला.

न बोलता पैसे गेले. हिशेबात काय लिहू? "फोन — काही नाही."

शनिवार, २४ ऑगस्ट

वाटेत भामरे सर भेटले. त्यांना कळलंच होतं. "वहिनी, जिंकलात! आता बघा कुमुद कशी सूर मारते ते!" रस्त्यात वाकून नमस्कार केला मला, लोक बघायला लागले. उद्या फोनवर ते येणार होते इंग्रजी बोलायला. नको म्हटलं. ही बातमी मीच देणार.

रविवार, २५ ऑगस्ट

कुमुदच आली फोनवर. मी एका दमात सांगून टाकलं — पांझरेत उतरले, कंबरेपर्यंत, शपथ सुटली, आता खुशाल जा, काढ तुझे फोटो. हॅलो, हॅलो म्हणत राहिले. वाटलं लाइन गेली.

मग म्हणाली, "आई, कशाला गं सोडवलीस?"

रडत होती. "मला भीती वाटते गं पाण्याची. पहिल्या दिवसापासून. तो पोशाख चढवला की श्वासच येत नाही. तुझी शपथ होती म्हणून कुणी काही म्हणत नव्हतं. आता काय सांगू त्यांना? परत घाल ना, आई."

काचेबाहेरून वाल्मीक आकड्यांकडे बोट दाखवत होता. मी पाठ फिरवली.

म्हटलं, "घालते. पण गुडघ्याच्या वरची. गुडघ्यापर्यंत सुटलेलीच आहे, उद्या तेवढंच उतर. खाली पाय दिसेनासे झाले तर ओरड. मी ओरडले होते. मांडीची पुढच्या रविवारी सोडवीन, याच वेळेला. नारळ नाही जवळ, फोनवरच ठेव हात."

जानेवारीत माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ठेवला होता. आज वेळ लावला तिनं. खूप वेळ.

"ठेवला," म्हणाली. "गुडघ्यापर्यंत ना?"

आकडे पळत होते. पळू दिले.